जहाजावरचा छायाचित्रकार : शिक्षण कोठून सुरू होते?

संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा भरते आणि होम मैदानावर 'गड्डा' उभा राहतो. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात येण्यापूर्वी या गड्ड्यात फोटोवाल्याचे पाल हमखास असे. मागे रंगवलेला पडदा, त्यावर ताजमहाल, बाग किंवा ढगांतून जाणारे विमान. पुढे एखादी लाकडी मोटारसायकल. आणि मध्ये नवे कपडे घालून श्वास रोखून उभे राहिलेले कुटुंब. आमच्या पिढीतील अनेकांचा आईवडिलांबरोबरचा पहिला, कित्येकांचा तर एकमेव फोटो असा पडद्यापुढचा आहे. हजारो प्रवासी घेऊन समुद्रावर फिरणाऱ्या आलिशान क्रूझ जहाजावर छायाचित्रकार जे काम करतो, ते मुळात याच पालातले काम आहे, असे सांगितले तर आमच्या तरुण वाचकांचा थोडा विरस होईल. पण ते खरे आहे, आणि या व्यवसायाचे शिक्षण समजून घ्यायचे तर तेथूनच सुरुवात करणे सोयीचे.

गेल्या काही वर्षांत आमच्या शाळेतून बाहेर पडलेली मुले, आणि त्यांच्याहून अधिक त्यांचे पालक, 'जहाजावर फोटोग्राफर म्हणून जाता येते का?' असे विचारू लागले आहेत. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची या मार्गांवर 'कॉर्डेलिया'ची सहल सुरू झाली. तिचे 'एम्प्रेस' हे जहाज १९९० साली बांधलेले आहे. मुंबईच्या धक्क्यावर अशी जहाजे दिसू लागल्यापासून ही चौकशी वाढली. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री सोलापूर सोडावे, सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरावे. बॅलार्ड पिअर तेथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. अंतर एवढेच असले तरी मध्ये काय काय ओलांडावे लागते, ते या लेखात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम काम कोणते ते पाहू. जहाज सुटण्याच्या दिवशी प्रवासी सुरक्षा तपासणी आटोपून वर येतात, तेव्हा एका पडद्यापुढे किंवा जहाजाचे नाव लिहिलेल्या कड्याशेजारी थांबवून त्यांचा फोटो घेतला जातो. समजा दोन हजार प्रवासी आहेत, ते जोडीजोडीने येतात आणि चढण्यास चार तास लागतात. तीन छायाचित्रकारांना मिळून एक हजार फोटो घ्यायचे असतील, तर एका फोटोला पाऊण मिनिटही मिळत नाही. तेवढ्यात 'नमस्कार' म्हणायचे, नीट उभे करायचे, रडणाऱ्या मुलाला हसवायचे, बटण दाबायचे आणि पुढच्यांना बोलवायचे. त्यानंतर बंदराबंदरावर शिडीच्या पायथ्याशी फोटो, रात्रीच्या जेवणात टेबलांवर जाऊन फोटो, आणि ज्या संध्याकाळी प्रवासी ठेवणीतले कपडे घालतात त्या संध्याकाळी तीन-चार पडदे लावून कुटुंबांचे फोटो. समुद्रात असतानाचा दिवस विक्रीचा. पूर्वी हे सारे फोटो छापून दालनात लावत; जे विकले जात नसत ते टाकून दिले जात. आता अनेक जहाजांवर चेहरा ओळखणारी संगणकीय यंत्रणा प्रवाशाला त्याचेच फोटो पडद्यावर दाखवते. छपाई कमी झाली, पण विक्रीचे काम माणसाकडेच राहिले. पगाराच्या जोडीला विक्रीवर कमिशन असते, आणि मुलाखतीत कॅमेऱ्याइतकीच बोलण्याची परीक्षा होते ती यामुळे.

आता शिक्षणाकडे येऊ. पालकांना वाटते, कॅमेरा आणि एखादा कोर्स झाला की झाले. वस्तुस्थिती अशी की जहाजावर पाऊल ठेवणारा प्रत्येक कर्मचारी, मग तो स्वयंपाकी असो, गायक असो वा छायाचित्रकार, कायद्याने आधी खलाशी असतो. नाविकांच्या शिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार १९७८ मध्ये झाला आणि २०१० मध्ये मनिला येथे त्यात मोठी सुधारणा झाली. 'एसटीसीडब्ल्यू' या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो. त्यानुसार पाण्यात जीव वाचवणे, आग विझवणे, प्राथमिक उपचार, वैयक्तिक सुरक्षा व सामाजिक जबाबदारी, आणि जहाजाची सुरक्षा एवढे मूलभूत शिक्षण घ्यावे लागते. मान्यताप्राप्त संस्थेत हे साधारण दोन आठवड्यांत पूर्ण होते. रायगड जिल्ह्यात न्हावा येथे १९१० पासून चालत आलेली 'टी. एस. रहमान' ही संस्था त्यांपैकी एक. पाण्यातला जीवरक्षणाचा आणि अग्निशमनाचा पाठ दर पाच वर्षांनी पुन्हा गिरवावा लागतो. प्रवासी जहाजासाठी गर्दी हाताळण्याचे शिक्षण वेगळे.

हे शिक्षण उपचारापुरते नसते. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज खडकावर आदळले आणि ३२ माणसे दगावली. अशा रात्री छायाचित्रकाराच्या गळ्यात कॅमेरा नसतो. त्याला नेमून दिलेला जिना किंवा जागा असते, अंगावर जीवरक्षक जाकीट असते, आणि घाबरलेल्या शेदोनशे माणसांना रांगेने नावेकडे नेण्याचे काम असते. ज्याने वसतिगृहात पहाटेच्या घंटेला उठून ऐंशी मुलांची रांग लावली आहे, त्याला हा भाग इतरांपेक्षा लवकर समजतो, असे आम्हांला वाटते. चौघांत एक खोली, ठरल्या वेळी जेवण, आपले अंथरूण आपण आवरणे, याही गोष्टी जहाजावरच्या नव्या माणसाला जड जातात. आमच्या मुलांना त्या पाचवीपासून अंगवळणी पडलेल्या असतात.

पाण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. पाठात जाकीट घालून उंचावरून तलावात उडी मारावी लागते आणि उलटा पडलेला तराफा सुलटा करावा लागतो. सोलापुरात समुद्र नाही. पोहणे शिकायचे ते विहिरीत, कालव्यात, किंवा पैसे असतील तर जलतरण तलावात. आणि आमच्या आजोबा-पणजोबांना तर गावच्या विहिरीत पोहणे दूरच, तिच्या काठावरही जाता येत नव्हते. महाडचे पाणी २० मार्च १९२७ रोजी खुले करावे लागले, ही काही फार जुनी गोष्ट नाही. ज्या घरांत तीन पिढ्या कोणी पोहले नाही, त्या घरातील मुलाला पाण्याची भीती वाटली तर त्यात त्याचा दोष नाही. परंतु ती भीती मुंबईला फी भरून झाल्यावर कळण्यापेक्षा येथे, उन्हाळ्याच्या सुट्टीत, कळलेली बरी.

कॅमेऱ्याचे शिक्षण अनेक ठिकाणी मिळते. मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत छायाचित्रण हा अभ्यासाचा विषय आहे. दहावीनंतर शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत 'डिजिटल फोटोग्राफर' हा एक वर्षाचा व्यवसाय आहे, मात्र तो प्रत्येक संस्थेत नाही, म्हणून प्रवेशाआधी चौकशी करावी. आणि बहुतेकांचे शिक्षण आजही लग्नाच्या हंगामात, एखाद्या स्टुडिओवाल्याच्या हाताखाली दिव्याचा दांडा धरूनच होते. तेही वाईट नाही. फक्त त्या शिक्षणातील एका उणिवेकडे आम्हांला थोडे थांबून लक्ष वेधायचे आहे.

बौद्ध पद्धतीच्या लग्नात वधूवर पांढऱ्या वस्त्रांत असतात आणि मागे बहुधा पांढरा पडदा असतो. कॅमेऱ्याच्या आतले प्रकाशमापक असे गृहीत धरून चालते, की समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे. पांढरे अधिक दिसले की ते 'प्रकाश फार झाला' असे समजून प्रकाश कमी करते. परिणाम असा होतो, की वस्त्रे करडी पडतात आणि सावळा चेहरा काळवंडतो. मग तो फोटोवाला संगणकावर सगळ्यांना 'गोरे' करून देतो, आणि आल्बममध्ये आपली मुलगी आपल्याला ओळखू येत नाही! हा दोष केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील कोडॅक कंपनी १९५० च्या दशकापासून प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक नमुना-पत्र देत असे. त्यावर गोऱ्या स्त्रीचे चित्र असे आणि त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कांती नीट आली म्हणजे रंग बरोबर, असा तो हिशेब. काळ्या माणसांचे चेहरे नीट येत नाहीत ही तक्रार होतीच. पण तपकिरी छटांवर कंपनीने लक्ष घातले, ते चॉकलेट आणि लाकडी सामान बनवणाऱ्यांनी आपल्या जाहिराती नीट छापून येत नाहीत असे सांगितल्यावर, असे या विषयाच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेले नमुना-पत्र पुढे १९९० च्या दशकात आले.

जहाजावर हे ज्ञान रोज लागते. एकाच पडद्यापुढे आफ्रिकी वंशाचे कुटुंब, त्यामागून नॉर्वेचे, त्यामागून गुजरातचे येते. पांढऱ्या गणवेशातला अधिकारी मध्येच उभा राहतो. आणि समुद्राची चमक कॅमेऱ्याला फसवायला सदैव तयार असते. म्हणून तेथे स्वयंचलित मापनावर विसंबत नाहीत. दिवे जागच्या जागी, जमिनीवर पट्टी चिकटवून माणसांची जागा नेमलेली, छिद्रमान एफ ८ च्या आसपास म्हणजे पुढची-मागची दोन्ही रांग स्पष्ट, आणि प्रकाश एकदा चेहऱ्यावरून मोजून ठरवला की हाताने पक्का केलेला. सावळ्या चेहऱ्यासाठी दिवा थोडा जवळ, थोडा बाजूने. कारण गडद कांतीला उजेडापेक्षा उजेडाची चमक उठाव देते. हे सारे सोलापुरात शिकता येते. पांढरी साडी नेसलेली आजी, दाराजवळच्या उजेडात एक खुर्ची आणि करड्या रंगाचा पुठ्ठा एवढे साहित्य पुरे. त्या एका चेहऱ्याचे शंभर फोटो घेऊन पाहणारा मुलगा महागड्या कोर्सच्या पहिल्या तीन महिन्यांपेक्षा अधिक शिकेल, असे आमचे मत आहे.

विक्रीबद्दल आमच्या काही ज्येष्ठांनी शंका काढली. प्रवाशाच्या गळ्यात महाग फोटो मारणे हा सम्यक् आजीव कसा? प्रश्न योग्य आहे. फोटो घेण्याची सक्ती प्रवाशावर नसते, आणि नको म्हणणाऱ्याला हसून जाऊ देणे हे चांगल्या छायाचित्रकाराचे पहिले लक्षण मानले जाते. आम्ही त्यात आणखी एक भर घालू. आपल्या दुसऱ्या शीलात न दिलेले न घेण्याचे वचन आहे. एखाद्याचा चेहरा त्याच्या मर्जीवाचून टिपणे हेही न दिलेले घेणेच नाही काय? बंदरावर उतरल्यावर तेथील गरीब वस्तीत कॅमेरा रोखणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आपल्या वस्त्यांचे फोटो कोणी कसे काढून नेले हे आपण जाणतो. पाचव्या शीलाविषयी एवढेच, की कर्मचाऱ्यांच्या दारूवर जहाजांचे नियम फार कडक असतात, आणि नशेत सापडलेल्याला पुढच्या बंदरात उतरवून घरी पाठवले जाऊ शकते.

आता कागद. या लेखातील हा भाग पालकांनी कृपया दोनदा वाचावा.

क्रम असा : पासपोर्ट (सोलापूर जिल्हा पुणे विभागीय कार्यालयाकडे येतो), मग नाविकांच्या राष्ट्रीय नोंदणीचा 'इंडोस' क्रमांक, मग वर सांगितलेले मूलभूत शिक्षण, नौवहन महासंचालनालयाने मान्य केलेल्या डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी, आणि मग नाविकाचे ओळखपुस्तक, ज्याला 'सीडीसी' म्हणतात. जहाज अमेरिकेच्या बंदरांत जाणारे असेल तर 'सी-वन/डी' हा खलाशांचा व्हिसा. तो नेमणूकपत्र हाती असल्याशिवाय मागताच येत नाही. पर्यटक व्हिसावर जहाजाची नोकरी कोणी देऊ म्हणाला तर तेथेच उठावे.

सुमारे दोन वर्षांपूर्वी टॉवेल कारखान्यात काम करणारे एक पालक आमच्याकडे असाच कागद घेऊन आले. मुलाची 'निवड' झाली होती. मुलाखत फोनवर पाच मिनिटे. एजंटाने अडीच लाख मागितले होते, त्यांपैकी चाळीस हजार देऊन झाले होते, उरलेल्यासाठी घराचा कागद गहाण टाकायचे ठरत होते. पत्रावर परवान्याचा क्रमांक नव्हता. आम्ही तो मागायला सांगितले. एजंटाने दिला, पण महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरील यादीत तो सापडला नाही. घराचा कागद वाचला. चाळीस हजार गेले ते गेले. त्या मुलाने पुढे कॅमेऱ्याचे नाव काढले नाही, याचे दुःख आम्हांला पैशांपेक्षा अधिक आहे.

म्हणून कायदा काय म्हणतो ते येथे नोंदवतो. नाविकांच्या श्रमाविषयीचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार ऑगस्ट २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने त्याला ऑक्टोबर २०१५ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार नोकरी लावून देण्याबद्दल नाविकाकडून एक पैसाही घेता येत नाही, उघडही नाही आणि आडमार्गानेही नाही. नाविकाने सोसायचा खर्च तीनच गोष्टींचा : वैद्यकीय प्रमाणपत्र, नाविकाचे पुस्तक आणि पासपोर्ट वा तत्सम प्रवासाचे कागद. व्हिसाचा खर्चसुद्धा जहाजमालकाचा. शिक्षणाची फी भरावी लागते, पण ती संस्थेत, पावती घेऊन. एजंटाच्या हातात नाही. भरती करणाऱ्याकडे महासंचालनालयाचा परवाना हवा, तो 'आरपीएसएल' या नावाने ओळखला जातो, आणि त्याची यादी कोणालाही पाहता येते. याच करारात विश्रांतीचे तास ठरलेले आहेत : चोवीस तासांत किमान १० आणि आठवड्यात किमान ७७. याचा दुसरा अर्थ असाही, की दिवसाचे १४ तास काम करवून घेणे नियमात बसू शकते. करार बहुधा सहा ते आठ महिन्यांचा असतो आणि त्या काळात रविवार नसतो. परतीच्या तिकिटाचा खर्च मालकाचा. दोन करारांमधल्या सुट्टीचा पगार सहसा नसतो.

गोव्यात जहाजावर जाणाऱ्याला 'तारवटी' म्हणतात, आणि ही परंपरा तेथे कित्येक पिढ्यांची आहे. त्या परंपरेतील एक गोष्ट आपण उचलावी अशी आमची इच्छा आहे. जहाजाची वाट पाहणाऱ्या गोवेकरांनी मुंबईत धोबीतलाव, गिरगाव, माझगाव या भागांत गावागावांच्या नावाने 'कूड' काढले. नाममात्र वर्गणी, एक पेटी ठेवण्यापुरती जागा, भिंतीशी प्रार्थनेची वेदी, आणि शेजारच्या पेटीवर बसलेला, चार जहाजे करून आलेला गावकरी. कोणती कंपनी पगार वेळेवर देते, कोणता एजंट लबाड, हे ज्ञान तेथे फुकट मिळे. आपल्या मुलाला हेच मिळत नाही. तो मुंबईत एकटा उतरतो आणि पहिला जो गोड बोलेल त्याचे ऐकतो. बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात वसतिगृह सुरू केले ते खेड्यातून शिकायला आलेल्या मुलाच्या पाठीला भिंत असावी म्हणून. आमची निवासी शाळा त्याच वाटेवरची. मुंबई, नवी मुंबई, पनवेल येथे स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी शिक्षणाच्या त्या दोन आठवड्यांपुरती एक खाट दिली आणि नेमणूकपत्र एकदा नजरेखालून घातले, तरी पुष्कळ झाले.

मुलींच्या पालकांचा प्रश्न येतोच : मुलीला पाठवावे काय? जहाजांवर स्त्री छायाचित्रकार असतात, खोल्या स्त्रियांच्या वेगळ्या असतात, आणि तक्रार कोठे करायची ते कराराच्या कागदात लिहिलेले असावे लागते. तो भाग मुलीने स्वतः वाचलेला असावा.

धोकेही सांगितले पाहिजेत. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' अडकले, तेव्हा तिच्यावरील १३८ भारतीयांपैकी १३२ जण कर्मचारी होते. मार्चमध्ये साऱ्या जगातल्या क्रूझ थांबल्या आणि फोटो काढायला प्रवासीच उरला नाही. पुढे चेहरा ओळखणारी यंत्रे आणि प्रवाशांचे स्वतःचे मोबाईल या कामाचा आणखी किती भाग खातील हे पाहावे लागेल. म्हणून जो जाईल त्याने पाच-सहा वर्षांचा हिशेब धरून जावे : छपाई, रंगजुळणी, इंग्रजी संभाषण, दालन चालवणे, हे जहाजावर शिकून घ्यावे. परत आल्यावर सोलापुरात स्टुडिओ काढणाऱ्याला त्यातले सगळे उपयोगी पडते. भांडवलासाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या कर्जयोजनांची चौकशी करता येईल.

शाळेच्या कार्यालयात पहिल्या काही तुकड्यांचे गट-फोटो आहेत. दुपारच्या उन्हात, इमारतीच्या पांढऱ्या भिंतीपुढे काढलेले. सदरे लख्ख दिसतात. चेहरे इतके काळवंडलेले, की कोण कोणता हे त्या तुकडीतल्यांनाही सांगता येत नाही, आणि मागे नावे लिहिलेली नाहीत. येत्या समारंभास येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना तुकडीवार उभे करून हे फोटो पुन्हा घ्यावयाचे ठरले आहे. कॅमेरा नववी-दहावीच्या मुलामुलींच्या हाती राहील, प्रत्येक तुकडीला एक मिनिट मिळेल. फोटो सकाळी नऊच्या आत, इमारतीच्या सावलीच्या बाजूला घेतले जातील, आणि प्रत्येक प्रतीच्या मागे पेन्सिलीने डावीकडून उजवीकडे नावे लिहिली जातील.